आवेग आणि आवर: टी पेशींमधील जनुक-नियमनाचा आढावा

कुष्ठरोगाचा जंतू एकच, पण आजार दोन टोकांचे. एका टोकाच्या रुग्णाच्या अंगावर एखाद-दुसरा बधिर चट्टा असतो. त्या चट्ट्यात जंतू शोधूनही सापडत नाहीत, तरी मज्जातंतू जाड होतात आणि हाताची बोटे वाकतात. दुसऱ्या टोकाच्या रुग्णाची त्वचा जंतूंनी भरलेली असते, चेहऱ्यावर गाठी येतात, आणि शरीर त्या जंतूंची फारशी दखलच घेत नाही. रिडली आणि जॉपलिंग यांनी १९६६ मध्ये या दोन टोकांमधल्या पायऱ्यांचे वर्गीकरण केले. तेच आजही वापरात आहे.

हा फरक येतो कुठून? कुष्ठजंतूचा जिनोम जगभर जवळपास सारखाच आहे, तेव्हा उत्तर रुग्णाच्या शरीरात शोधणे भाग होते. दिल्लीच्या एम्समध्ये इंदिरा नाथ यांनी, जंतूंनी भरलेल्या रुग्णांच्या टी पेशी (प्रतिकार चालवणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) त्या जंतूला प्रतिसाद का देत नाहीत, याचा दीर्घकाळ अभ्यास केला. १९९१ मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट मॉडलिन यांच्या गटाने दोन्ही प्रकारच्या चट्ट्यांतला आरएनए तपासला. पहिल्या प्रकारात इंटरल्यूकिन-२ आणि इंटरफेरॉन-गॅमा या निरोप्या प्रथिनांची जनुके जोरात वाचली जात होती, तर दुसऱ्यात इंटरल्यूकिन-४, ५ आणि १० यांची. दोन्ही रुग्णांजवळ ही सगळी जनुके असतातच. कोणती चालू आणि कोणती बंद, एवढ्यावर आजाराचे रूप ठरत होते.

कुष्ठरोगावर काम करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट अनुभवाने माहीत असते. बहुविध औषधोपचार नीट चालू असतो, जंतू मरत असतात, आणि मध्येच ‘रिअ‍ॅक्शन’ येते. चट्टे लाल होऊन सुजतात, नस दुखू लागते आणि काही दिवसांत मनगट किंवा पाऊल लुळे पडते. त्या वेळी प्रतिकार दुबळा नसतो, तो अचानक वाढलेला असतो. डॉक्टर अशा रुग्णाला प्रेडनिसोलोन देतात, म्हणजे प्रतिकार दाबणारे औषध.

‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा सल्ला आपल्याकडे काढ्याच्या पुडीपासून जाहिरातीच्या फलकापर्यंत सगळीकडे दिसतो. वरचे उदाहरण पाहिले की तो सल्ला अर्धवट वाटू लागतो. गेल्या चार दशकांतले टी पेशींवरचे संशोधन सलग वाचले तर त्यातून एक सूत्र हाती लागते. टी पेशीत हल्ल्यासाठी एक यंत्रणा आणि संयमासाठी दुसरी, अशी विभागणी फारशी नाही. बहुतेक रेणू दोन्ही कामांत तेच असतात. त्यांना सोबत कोणाची मिळते, मात्रा किती असते आणि ती किती काळ टिकते, यावर परिणाम ठरतो. या लेखात त्या सूत्राचा आढावा घेतला आहे. ते कुठे भक्कम आहे आणि कुठे कमी पडते, तेही पाहिले आहे.

संदेश केंद्रकापर्यंत कसा जातो

टी पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहीला ओळखीचा तुकडा भेटला की पेशीच्या आत कॅल्शियम वाढते. त्यामुळे कॅल्सिन्युरिन नावाचे विकर जागे होते आणि ते ‘एनफॅट’ या प्रथिनावरचे फॉस्फेट काढून टाकते. मोकळे झालेले एनफॅट केंद्रकात शिरते आणि डीएनएवर बसते. जनुकांवर बसून त्यांचे वाचन सुरू किंवा बंद करणाऱ्या अशा प्रथिनांना आपण नियामक प्रथिने म्हणू.

एनफॅट एकटे असले तर फारसे काही घडत नाही. धोक्याची दुसरी खूण, म्हणजे सीडी२८ या ग्राहीकडून आलेला संदेश, सोबत असेल तर ‘एपी-१’ आणि ‘एनएफ-कप्पा-बी’ ही नियामक प्रथिनेही तयार होतात. एनफॅट आणि एपी-१ शेजारी शेजारी बसले की इंटरल्यूकिन-२ चे जनुक चालू होते, पेशी विभागू लागते आणि हल्ल्याची तयारी सुरू होते. दुसरी खूण आलीच नाही तर एकटे पडलेले एनफॅट वेगळीच जनुके चालू करते आणि पेशी सुस्त होते. तिसरी शक्यता २००६ मध्ये समोर आली. एनफॅटला एपी-१ ऐवजी ‘फॉक्सपी३’ची सोबत मिळाली तर त्याच इंटरल्यूकिन-२ चे जनुक बंद पडते आणि पेशी इतरांना आवर घालू लागते. तोच तबलजी भजनाच्या साथीला बसला की एक ठेका धरतो आणि ठुमरीला बसला की दुसरा, तसेच हे आहे.

या साखळीवरचे औषध वैद्यकाला साखळी समजण्याआधीच मिळाले होते. नॉर्वेतल्या मातीतील एका बुरशीपासून मिळालेले सायक्लोस्पोरिन अमेरिकेत १९८३ मध्ये मंजूर झाले आणि मूत्रपिंड-यकृत प्रत्यारोपणाचे चित्र पालटले. ते कॅल्सिन्युरिनला अडवते, हे कळायला १९९१ उजाडले. जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतून मिळालेले टॅक्रोलिमसही याच जागी काम करते. पण दोन्ही औषधांचा एक दोष आहे. एनफॅट आणि इंटरल्यूकिन-२ यांच्यावाचून आवर घालणाऱ्या पेशींचेही चालत नाही, त्यामुळे हल्ला थोपवताना ही औषधे संयमालाही थोडे कमजोर करतात.

केंद्रकात पोहोचलेल्या नियामक प्रथिनाला हवे ते जनुक उघडे सापडेलच असे नाही. पेशीतला सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळून काही मायक्रोमीटरच्या केंद्रकात बसवलेला असतो. कुठली गुंडाळी सैल आणि कुठली घट्ट, हे हिस्टोनवरच्या अ‍ॅसिटिल आणि मेथिल गटांवर आणि खुद्द डीएनएवरच्या मेथिल खुणांवर ठरते. संदेश काही मिनिटांचा असतो, पण या खुणा पेशी विभागल्यावरही पुढच्या पिढीत उतरतात. क्षणिक संदेशाचे रूपांतर टिकाऊ स्वभावात होते ते इथे.

चार वाटा आणि त्यांची आपसांतली अडवणूक

टिम मॉस्मन आणि रॉबर्ट कॉफमन यांनी १९८६ मध्ये उंदरांच्या मदतनीस टी पेशींचे दोन गट पाडले. टीएच-१ पेशी इंटरफेरॉन-गॅमा बनवतात आणि पेशींच्या आत लपणाऱ्या जंतूंवर तुटून पडतात. टीएच-२ पेशी इंटरल्यूकिन-४ बनवतात, त्या जंतांविरुद्ध उपयोगी असतात आणि अ‍ॅलर्जीलाही कारण होतात. पुढच्या दशकात या दोन्ही स्वभावांमागची नियामक प्रथिने सापडली: टीएच-२ साठी १९९७ मध्ये गाटा-३, टीएच-१ साठी २००० मध्ये टी-बेट. टी-बेट नुसते स्वतःची जनुके चालू करून थांबत नाही. ते गाटा-३ ला धरून ठेवते, त्याला आपल्या जागी बसू देत नाही. म्हणून सुरुवातीला एक बाजू थोडी वरचढ झाली की ती अधिकच वरचढ होत जाते. कुष्ठरोगाची दोन टोके अशा चढाओढीतून घडतात, असे मानायला जागा आहे.

२००५ मध्ये तिसरी वाट स्पष्ट झाली. इंटरल्यूकिन-१७ बनवणाऱ्या टीएच-१७ पेशी बुरशी आणि काही जिवाणूंपासून आतडे व त्वचा राखतात; त्याच पेशी अतिरेक करू लागल्या तर सोरायसिससारखे आजार होतात. त्यांचे नियामक प्रथिन आरओआर-गॅमा-टी. बी पेशींना प्रतिपिंडे बनवायला मदत करणाऱ्या टीएफएच पेशींचे नियामक प्रथिन बीसीएल-६, हे २००९ मध्ये नक्की झाले.

२००६ मध्ये भारतीय वंशाच्या विजय कुचरू यांच्या हार्वर्डमधील गटाने आणि इतर काही गटांनी दाखवलेली गोष्ट या सगळ्यात सर्वांत बोलकी आहे. अनुभव नसलेल्या टी पेशीला टीजीएफ-बीटा हा एकच संदेश मिळाला तर तिच्यात फॉक्सपी३ येते आणि ती आवर घालणारी पेशी बनते. त्याच टीजीएफ-बीटासोबत इंटरल्यूकिन-६ आले तर फॉक्सपी३ मागे पडते आणि टीएच-१७ तयार होते. इंटरल्यूकिन-६ संसर्गात आणि जखमेत वाढते. म्हणजे ऊती शांत असेल तर संयम आणि पेटलेली असेल तर हल्ला, हा निर्णय एका जादा रेणूवर फिरतो. केंद्रकात फॉक्सपी३ आणि आरओआर-गॅमा-टी एकमेकांना प्रत्यक्ष चिकटतात आणि एकमेकांचे काम रोखतात.

हे गट पुस्तकात दिसतात तितके पक्के मात्र नाहीत. २००९ मध्ये केलेल्या हिस्टोन-खुणांच्या नकाशात टीएच-१ पेशींतल्या गाटा-३ जनुकावर ‘चालू’ आणि ‘बंद’ अशा दोन्ही खुणा एकाच वेळी आढळल्या. वाट बदलायची सोय पेशीने ठेवलेली असते. माणसाच्या आतड्यातल्या किंवा त्वचेतल्या एकेका पेशीचा आरएनए वाचायची सोय झाल्यापासून तर इंटरल्यूकिन-१७ आणि इंटरफेरॉन-गॅमा दोन्ही बनवणाऱ्या पेशी सर्रास दिसू लागल्या. चार पेट्यांत पेशी भरण्याची पद्धत शिकवायला सोपी आहे, पण रुग्णाच्या ऊतीत पेट्यांच्या भिंती पातळ असतात.

बदनाम कल्पना आणि खवले आलेला उंदीर

काही टी पेशींचे कामच इतरांना रोखण्याचे असावे, ही कल्पना जुनी आहे. १९६९ मध्ये जपानमधल्या निशिझुका आणि साकाकुरा यांनी जन्मानंतर तिसऱ्या दिवशी उंदरांची थायमस ग्रंथी, म्हणजे टी पेशी घडतात ती जागा, काढली. हे उंदीर संसर्गाने मरतील अशी अपेक्षा होती, पण त्यांच्या अंडाशयावर स्वतःच्याच पेशींनी हल्ला केला. पुढे ‘सप्रेसर पेशी’ या नावाने हा विषय गाजला. मग १९८० च्या दशकात त्या पेशींचे म्हणून सांगितलेले जनुक अपेक्षित जागी नाहीच, असे निघाले. त्यानंतर या विषयावर काम करणे म्हणजे आपल्या हाताने नाव घालवणे, अशी स्थिती आली.

शिमोन साकागुची यांनी तरीही तो सोडला नाही. १९९५ मध्ये त्यांनी उंदराच्या टी पेशींतून सीडी२५ ही खूण असलेल्या पेशी वेगळ्या काढल्या आणि उरलेल्या पेशी थायमस नसलेल्या उंदरांना दिल्या. त्या उंदरांना थायरॉइड, जठर, अंडाशय अशा अनेक अवयवांचे स्वप्रतिकार आजार झाले. वेगळ्या काढलेल्या पेशी परत दिल्या की आजार टळले. माणसाच्या रक्तातल्या मदतनीस टी पेशींत अशा नियामक पेशी साधारण पाच ते दहा टक्के असतात.

या प्रयोगाला जनुकाचा आधार मिळाला तो पूर्णपणे वेगळ्या दिशेने. १९४९ मध्ये अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेत किरणोत्साराच्या अभ्यासासाठी पाळलेल्या उंदरांत काही नर पिल्ले आजारी निपजली. त्यांच्या कातडीवर खवले यायचे, प्लीहा आणि लसिकाग्रंथी फुगायच्या, आणि ती तीन-चार आठवड्यांत मरायची. ‘स्कर्फी’ नावाचा हा वाण पुढची पन्नास वर्षे जपला गेला. आजार फक्त नरांना होत असल्यामुळे दोष एक्स गुणसूत्रावर असणार, हे उघड होते.

मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी १९९० च्या दशकात वॉशिंग्टन राज्यातल्या एका जैवतंत्रज्ञान कंपनीत हा दोष शोधायला घेतला. आज असा शोध काही दिवसांत लागतो. तेव्हा सुमारे १७ कोटी अक्षरांच्या एक्स गुणसूत्रावरून एक एक टप्पा गाळत ते सुमारे पाच लाख अक्षरांपर्यंत आले. त्या पट्ट्यात वीस जनुके निघाली. ती ओळीने तपासली गेली आणि दोष विसाव्या, शेवटच्या जनुकात सापडला. दोन अक्षरे जादा घुसल्यामुळे प्रथिनाचा डीएनएवर बसणारा भागच तयार होत नव्हता. जनुकाला फॉक्सपी३ नाव मिळाले. हे २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी आयपेक्स या दुर्मीळ आजाराचे मूळही माणसाच्या याच जनुकात असल्याचे स्पष्ट झाले. आयपेक्स झालेल्या मुलग्यांना अगदी तान्हेपणी मधुमेह, न थांबणारे जुलाब आणि इसब होतो, आणि अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण न झाल्यास बहुधा ते वाचत नाहीत. २००३ मध्ये साकागुची आणि इतर दोन गटांनी दोन्ही धागे जोडले: नियामक टी पेशींचा स्वभाव फॉक्सपी३ वर उभा आहे. ब्रंको, रॅम्सडेल आणि साकागुची यांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

इथेही रेणूंची सोबत महत्त्वाची ठरते. सीडी२५ हा इंटरल्यूकिन-२ च्या ग्राहीचा भाग आहे. नियामक पेशी स्वतः इंटरल्यूकिन-२ बनवत नाहीत, पण शेजारच्या पेशींनी बनवलेले आधाशासारखे पितात. इंटरल्यूकिन-२ चे जनुक काढलेले उंदीर तयार केले तेव्हा ते दुबळे होतील असा अंदाज होता. प्रत्यक्षात त्यांच्या आतड्यांना जबर दाह झाल्याचे १९९३ मध्ये दिसले. ज्याला हल्ल्याचे इंधन समजले जात होते त्याच्यावरच संयमाची भिस्त होती.

एका जनुकाभोवतीचे तीन स्विच

फॉक्सपी३ चे जनुक चालू कसे होते आणि चालू कसे राहते, हा जनुक-नियमनाचा सर्वांत बारकाईने वाचला गेलेला धडा आहे. २०१० मध्ये अलेक्झांडर रुडेन्स्की यांच्या गटाने या जनुकातल्या, प्रथिनाचा मजकूर नसलेल्या तीन तुकड्यांचे काम वेगवेगळे करून दाखवले. त्यांना सीएनएस-१, २ आणि ३ म्हणतात. सीएनएस-३ जनुक पहिल्यांदा चालू करायला लागते. सीएनएस-२ ते चालू ठेवते. हा तुकडा काढला तर पेशी नियामक बनतात, पण विभागता विभागता त्यांतल्या काहींना आपला स्वभाव विसरायला होते. साध्या टी पेशीत सीएनएस-२ वर मेथिल खुणा असतात, पक्क्या नियामक पेशीत त्या पुसलेल्या असतात. म्हणून प्रयोगशाळेत वाढवलेल्या नियामक पेशींवर भरवसा ठेवायचा का, हे तपासताना आधी सीएनएस-२ वरच्या मेथिल खुणा मोजतात.

सीएनएस-१ ची गोष्ट आणखी रंजक आहे. थायमसबाहेर, म्हणजे आतड्यात वगैरे, नव्याने घडणाऱ्या नियामक पेशींसाठी हा तुकडा लागतो. तो वार असलेल्या सस्तन प्राण्यांतच आढळतो. २०१२ मध्ये हा तुकडा नसलेल्या उंदरिणींचा वेगळ्या वाणाच्या नराशी संकर केला, तेव्हा त्यांच्या पोटातले गर्भ जास्त प्रमाणात शोषले गेले. अर्धी जनुके बापाची असलेला गर्भ आईच्या शरीराने महिनोन्‌महिने सहन करायचा, तर टी पेशींना नवा संयम शिकवावा लागतो. त्या गरजेपोटी उत्क्रांतीने जनुकाच्या मजकुराला हात न लावता त्याच्या शेजारी नवा स्विच बसवला, असा या प्रयोगाचा अर्थ लावला जातो.

बाहेरच्या जगाचा हातही या स्विचपर्यंत पोहोचतो. आतड्यातले काही जिवाणू अन्नातल्या तंतूंपासून ब्युटिरेट बनवतात. हिस्टोनवरचे अ‍ॅसिटिल गट काढणाऱ्या विकरांना ब्युटिरेट अडवते, त्यामुळे फॉक्सपी३ च्या आसपासची गुंडाळी सैल राहते आणि उंदरांच्या आतड्यात नियामक पेशी वाढतात. २०१३ मध्ये एकाहून अधिक गटांनी हे स्वतंत्रपणे दाखवले. अंजना राव यांच्या गटाने २००९ मध्ये टेट विकरे डीएनएवरच्या मेथिल खुणांवर काम करतात हे शोधले. २०१६ मध्ये याच गटाने दाखवले की काचेच्या बशीत क जीवनसत्त्व घातले तर टेट विकरांना जोर येतो आणि नियामक पेशींचा स्वभाव टिकाऊ होतो. ‘इम्युनिटी वाढवणारे’ म्हणून ज्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या विकल्या जातात, त्याने बशीत वाढवली ती आवर घालणाऱ्या पेशींची स्थिरता. यावरून रोज किती गोळ्या घ्याव्यात हे ठरत नाही. ‘वाढवणे’ या शब्दाने नेमके काय वाढते, हे विचारायला मात्र हवे.

थकवा: दोष की सोय?

संसर्ग हटत नाही किंवा कर्करोगाची गाठ वाढतच राहते, तेव्हा टी पेशी हळूहळू निष्प्रभ होतात. त्याला ‘एक्झॉशन’, म्हणजे थकवा, म्हणतात. भारतात शिकलेल्या रफी अहमद यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवले की दीर्घ संसर्ग झालेल्या उंदरांच्या थकलेल्या पेशींवर पीडी-१ हा ग्राही भरपूर असतो, आणि तो अडवला की पेशी पुन्हा काम करू लागतात. तासुकु होन्जो यांनी पीडी-१ चे जनुक १९९२ मध्येच शोधले होते. होन्जो आणि सीटीएलए-४ या टी पेशींना आवर घालणाऱ्या दुसऱ्या ग्राहीवर काम करणारे जेम्स अ‍ॅलिसन यांना २०१८ चे नोबेल मिळाले.

थकवा हा शब्द दिशाभूल करतो, कारण ही दमछाक नसून जनुकांचा वेगळा कार्यक्रम आहे. त्याची सुरुवातही एपी-१ ची साथ न मिळालेल्या एनफॅटपासूनच होते. २०१९ मध्ये अनेक गटांनी टॉक्स हे या कार्यक्रमाचे मुख्य नियामक प्रथिन असल्याचे दाखवले. टॉक्स काढून टाकलेल्या पेशी सुरुवातीला जोमाने लढल्या, पण ऊतींचे नुकसान जास्त झाले आणि त्या पेशीही टिकल्या नाहीत. लांबलेल्या लढाईत अवयव वाचावेत आणि थोड्या तरी लढवय्या पेशी शिल्लक राहाव्यात, यासाठी शरीराने केलेली ही तडजोड आहे.

या तडजोडीची नोंद गुंडाळीत होते आणि ती सहज पुसली जात नाही. पीडी-१ अडवल्यावर पेशी काही काळ उठून कामाला लागतात, पण त्यांच्या डीएनएची उघडझाप थकलेल्या पेशीचीच राहते, हे २०१६ मध्ये दिसले. हेपटायटिस सी चा विषाणू औषधांनी पूर्ण घालवल्यानंतरही रुग्णांच्या टी पेशींत या खुणा शिल्लक होत्या, हे २०२१ मध्ये समजले. सोबत आणि मात्रा बदलता येतात. मागे राहिलेली खूण बदलणे अवघड.

आनुवंशिक कल कुठे लपलेला असतो

आयपेक्ससारखे आजार एका बिघडलेल्या जनुकाने होतात, पण ते विरळ. संधिवात, टाइप-१ मधुमेह, मल्टिपल स्क्लेरोसिस यांचा कल शेकडो छोट्या फरकांतून येतो. २०१५ मध्ये एकवीस स्वप्रतिकार आजारांच्या आनुवंशिक फरकांचा एकत्रित अभ्यास झाला. त्यात कारणीभूत वाटणारे सुमारे ९० टक्के फरक प्रथिनांच्या मजकुराबाहेर निघाले आणि त्यांतले बरेचसे प्रतिकार पेशींतल्या स्विचसारख्या तुकड्यांत होते. म्हणजे या रुग्णांची प्रथिने बहुधा ठीक असतात. ती किती आणि केव्हा बनतात यात थोडासा फरक असतो. त्या थोड्याशा फरकाने आजार का होतो, हे सीटीएलए-४ सारख्या जनुकांवरून समजते. त्याच्या दोनपैकी एक प्रत बिघडली तरी काहींना गंभीर स्वप्रतिकार आजार होतो. आवर घालणाऱ्या रेणूंची निम्मी मात्रा अनेकदा पुरत नाही.

नियमन डीएनएपाशी संपतही नाही. बनलेला संदेश-आरएनए किती वेळ जगतो, यावरही लगाम असतो. २००५ मध्ये रोक्विन या प्रथिनातला एका अक्षराचा बदल सापडला. हे प्रथिन काही आरएनएंची विल्हेवाट लावते. बदल झालेल्या उंदरांत ते आरएनए जास्त वेळ टिकले आणि ल्युपससारखा स्वप्रतिकार आजार झाला. जनुक चालू करण्याइतकेच वेळेवर गप्प करणेही महत्त्वाचे, ते यामुळे.

औषधांची कसोटी

हे सगळे ज्ञान रुग्णापर्यंत आणताना काय होते, याचा सर्वांत कठोर धडा १३ मार्च २००६ ला मिळाला. लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारात टीजीएन१४१२ या प्रतिपिंडाची माणसांवरची पहिली चाचणी होती. ते सीडी२८ ला थेट चालना देणारे होते. उंदीर-घुशींत त्याने नियामक पेशी वाढवल्या होत्या, माकडांत त्रास दिसला नव्हता, आणि संधिवातात ते उपयोगी पडेल अशी आशा होती. सहा निरोगी तरुणांना ते टोचले. दीड तासाच्या आत डोकेदुखी, थंडी-ताप आणि उलट्या सुरू झाल्या, आणि पुढच्या काही तासांत सहाही जणांचे अवयव एकेक करून ढासळू लागले. सगळे वाचले, पण काहींना कायमचे नुकसान झाले. पुढे कारण कळले. अनुभवी मदतनीस टी पेशींवरचा सीडी२८ माकडांत बंद होतो, माणसांत चालूच राहतो. एका जनुकाच्या नियमनातल्या या फरकामुळे संयमाचे औषध हल्ल्याचे ठरले. त्यानंतर पहिल्या चाचणीतले सहभागी एकापाठोपाठ एक घ्यायचे, एकदम नाही, असा दंडक पडला. विशेष म्हणजे हेच प्रतिपिंड पुढे अगदी कमी मात्रेत माणसांना देऊन पाहिले, तेव्हा वादळ उठले नाही.

मात्रेचे महत्त्व दाखवणारी दुसरी जोडी इंटरल्यूकिन-२ ची. मूत्रपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगासाठी ते अमेरिकेत १९९२ मध्ये मोठ्या मात्रेत मंजूर झाले. तेच अत्यल्प मात्रेत दिले तर जास्त संवेदनशील ग्राही असलेल्या नियामक पेशींनाच ते पुरते. २०११ पासून अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतरच्या गुंतागुंतीत आणि मग ल्युपसमध्ये त्याचे प्रयोग झाले आहेत.

पीडी-१ आणि सीटीएलए-४ अडवणारी औषधे २०११ पासून कर्करोगात आली. त्यांचे दुष्परिणाम जणू आयपेक्सची सौम्य आवृत्ती: आतड्याचा दाह, थायरॉइडचा बिघाड, क्वचित मधुमेह. इथे मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने महत्त्वाची भर घातली. तोंड-घशाच्या बळावलेल्या कर्करोगात तोंडाने घ्यायच्या स्वस्त केमोथेरपीसोबत पीडी-१ अडवणारे निव्होलुमॅब फक्त २० मिलिग्रॅम, तीन आठवड्यांतून एकदा, देऊन पाहिले. नेहमीची मात्रा याच्या दसपट-बारापट असते. वर्षभरानंतर हयात असलेल्या रुग्णांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. तंबाखूच्या कर्करोगाने ग्रासलेल्या आणि पूर्ण मात्रेचा खर्च न पेलणाऱ्या देशात हा आकडा मोलाचा आहे.

रुग्णाच्या टी पेशीत नवा ग्राही घालून तिला कर्करोगावर सोडणाऱ्या कार-टी उपचारातही अडचण नियमनाचीच आहे. हा ग्राही सतत चालू राहिला तर पेशी थकतात. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका गटाने तो ग्राही डीएनएत कुठेही न घालता टी पेशीच्या मूळ ग्राहीच्या जागी घातला, तेव्हा त्याची चालू-बंद नैसर्गिक लयीत होऊ लागली आणि पेशी कमी थकल्या. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून तयार झालेली नेक्सकार१९ ही पहिली भारतीय कार-टी थेरपी ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झाली. परदेशी उपचारांच्या खर्चाच्या साधारण दहाव्या हिश्शात ती उपलब्ध आहे. जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये हेच तंत्र बी पेशींना लक्ष्य करून ल्युपसच्या रुग्णांवर वापरले गेले, तेव्हा बी पेशींचा सफाया झाल्यावर नव्या आलेल्या बी पेशींनी आजार परत आणला नाही. नियामक टी पेशींनाच विशिष्ट अवयवाकडे पाठवणारे कार-ट्रेग उपचार सध्या प्राथमिक चाचण्यांत आहेत.

काय पक्के, काय वादाचे

सोबत, मात्रा आणि काळ हे सूत्र उंदरांच्या प्रयोगांत भक्कम आहे. माणसात त्याला तीन ठिकाणी धक्का बसतो. एक, फॉक्सपी३ माणसाच्या साध्या टी पेशीतही चालना मिळाल्यावर थोडा वेळ दिसते, त्यामुळे ते असणे म्हणजे पेशी नियामक असणे, असे नाही. शिवाय ते फारशी नवी गुंडाळी उघडत नाही, आधी उघडलेल्या जागा वापरते. त्याला ‘सर्वेसर्वा’ म्हणणे अतिशयोक्ती ठरते. दोन, तपासणी बहुधा रक्ताची होते, पण आतडे, त्वचा आणि गाठीत राहणाऱ्या पेशींचे नियमन वेगळे असते. तीन, आनुवंशिक अभ्यासांत युरोपीय वंशाच्या लोकांचा भरणा आहे. भारतीयांचे स्विच कुठे वेगळे आहेत, हे मोजल्याशिवाय तिथल्या निष्कर्षांवर इथले उपचार ठरवणे धोक्याचे.

उपचारांकडे या नजरेने पाहिले तर आजवरची प्रगती एकाच बाजूला झालेली दिसते. बाहेरचा संदेश अडवणे किंवा देणे आपल्याला बऱ्यापैकी जमले आहे: सायक्लोस्पोरिन, टोफासिटिनिबसारखे जॅक-रोधक, पीडी-१ रोधक, सगळी औषधे त्याच जातीची. म्हणूनच त्यांपैकी बहुतेक सलग घ्यावी लागतात, आणि अनेकदा बंद केली की आजार उसळतो. पेशीने गुंडाळीत जपलेली जुनी खूण पुसून नवी उमटवणे अजून प्रयोगशाळेबाहेर फारसे आलेले नाही. डीएनए न कापता फक्त मेथिल खुणा बदलणारी साधने हाती येत आहेत. ती योग्य पेशीपर्यंत, योग्य तुकड्यापर्यंत पोहोचतात का आणि बदल टिकतो का, यावर पुढचा टप्पा अवलंबून आहे. तोवर नव्या औषधाची बातमी असो वा जाहिरात, वाचकाने तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: कोणत्या पेशीत, किती मात्रेत आणि किती काळासाठी? ज्या दाव्यात यांची उत्तरे नसतात, त्याने प्रतिकारशक्ती ‘वाढली’ तरी ती कोणाच्या बाजूने वाढली, हे सांगता येत नाही.